पर्याय नावाची फाइल

२ नोव्हेंबर, सोमवार

आज नव्या घरात आलो. मी, सासूबाई, चार ट्रंका, एक शेगडी आणि ह्यांच्या पुस्तकांची तीन खोकी. घर म्हणजे दोनच खोल्या, पण उजेड इतका, की आत पाऊल टाकल्याबरोबर मी उगाचच हसले. शहराला पाणी सोडणारं केंद्र टेकडीवर आहे. पुढे कचेरी, मागे भली मोठी गोल टाकी, आणि टाकीच्या सावलीत आमच्या खोल्या. सगळं एकाच भिंतीच्या आत. कामावर जायला मोजून साठ पावलं. नळाला दिवसभर पाणी.

सासूबाईंनी नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. म्हणाल्या, जन्मभर रांगेत हंडे धरले, आता टाकीखाली बुडवायला आणलंस होय. मग पुस्तकांच्या खोक्याला पाय लावून, हे नक्की कुठल्या चुलीत घालायचं, असंही विचारून घेतलं. स्वतः मात्र खोक्यावरची मोठी अक्षरं बोट फिरवत, ओठ हलवत वाचून काढली. बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. दिसलं असतं तर त्यांनी मला वाचू दिलं नसतं.

सामान चौकीदारदादांनी चढवलं. उजव्या गुडघ्यानं लंगडतात आणि दर पायरीला त्या गुडघ्याची एक गोष्ट सांगतात. विहिरीत पडले होते, मग वैद्य चुकला, मग मेव्हणा चुकला. शेवटच्या पायरीवर गोष्ट अर्धी राहिली, ती उद्या पुरी करतो म्हणाले. मला हा माणूस फार आवडला.

केंद्राच्या साहेबांनी माझा नेमणुकीचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, मी अनुभवी माणूस मागितला होता, वाचनाची आवड असलेली विधवा नव्हे. पंधरा दिवस बघतो, जमलं नाही तर खोल्या रिकाम्या करायच्या. मी बरं म्हणाले. असल्या बोलण्याची सवय मला घरातच लागलेली आहे.

हे गेले त्याला दोन वर्षं आणि चार महिने झाले. त्यांची संगणकाची पुस्तकं आणि कामाची वही रद्दीत द्यायला काढली होती, आणि पहिलंच उघडून मी वाचत बसले. तेच आज कामाला आलं. खिडकीत त्यांचा चष्मा ठेवला आहे. तिथून सगळं शहर दिसतं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

कामाचं लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच नीट कळेल.

यंत्राच्या काळ्या पडद्यावर एक शब्द लिहिला, की त्या नावाचा छोटा प्रोग्रॅम ठरलेलं काम करून देतो. त्या शब्दाला कमांड म्हणतात. आणि शेल म्हणजे मुकादम. तो आपला शब्द ऐकतो आणि त्या नावाच्या गड्याला हाक मारतो. इथलं यंत्र जुनं. मध्यंतरी त्याची डिस्क बिघडली, दुसरी बसवली, आणि त्या धांदलीत कितीतरी बारीकसारीक कमांड आल्याच नाहीत. बाहेरून काही आणून बसवायला मनाई. पण शहराच्या झडपा रोज ज्या स्क्रिप्टनं, म्हणजे हुकमांच्या यादीनं, उघडतात, ती अजून त्याच जुन्या नावांना हाका मारते. मुकादम सांगतो, सापडली नाही. पाणी अडतं.

माझं काम, जी कमांड नाही तिच्याच नावाचं फंक्शन लिहायचं. म्हणजे बदली गडी. नाव खऱ्याचं, काम आपण सांगू तेवढंच. सगळी फंक्शनं एका फाइलीत राहतात. तिचं नाव पर्याय. मुकादम कामाला बसताना ती फाइल वरून खाली वाचून काढतो.

ह्यांच्या वहीत या कामाचा एकच नियम आहे, लाल शाईत. आधी बघ, मग लिही. फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ घालायची, की खरी कमांड जागेवर असेल तर हे बनवू नकोस. कारण मुकादम हाक मारताना आधी बदल्याकडे बघतो. एकदा बदली बसला, की खरा दारात येऊन उभा राहिला तरी त्याला कोणी विचारत नाही. खाली हे लिहितात: खरा मरत नाही. त्याच्यापर्यंत हाक पोचत नाही, एवढंच.

आज पहिलं फंक्शन लिहिलं. सीक नावाची कमांड ओळीनं आकडे मोजून देते. ती नसल्यामुळे चौदा झडपांचे चौदा आकडे कोणीतरी रोज हातानं लिहीत होतं. पाच ओळींत काम झालं. दुपारी झडपा एकामागून एक उघडल्या तेव्हा जमिनीतून घरघर आली आणि माझ्या पायाला मुंग्या आल्या. साहेब म्हणाले, पाच ओळींना पाच तास लागले. मी म्हणाले, ओळीला तासच धरा.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, शहराला आज माझ्यामुळे पाणी आलं. त्या म्हणाल्या, मग शहराला सांग तुझा स्वयंपाकही करायला.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आणखी दोन झाली. टॅक, जी फाइल खालून वर वाचून दाखवते, शेवटची ओळ आधी. आणि विच, जिला विचारायचं की अमुक नावाची कमांड आहे का. विच लिहिताना एक खोट राहिली आहे. माझी विच बदल्यालाही आहे म्हणते. खरा आणि बदली यांत तिला फरक कळत नाही. सवडीनं सुधारेन.

माझ्या टेबलाच्या खणात, माझ्याआधी हे काम करणाऱ्या गृहस्थांचा जेवणाचा डबा निघाला, धुतलेला, आणि एक कंगवा. चौकीदारदादा म्हणाले, शेवटच्या दिवशी ते आत येताना दिसले, बाहेर जाताना काही दिसले नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाले, साहेबांचं पटत नव्हतं. तेवढ्यात साहेबांची खिडकी वाजली आणि दादा गुडघ्याच्या गोष्टीसकट पसार झाले. साहेब मला म्हणाले, या माणसाला दिवसातून तीन कामं, त्यासाठी तो तीनशे वाक्यं बोलतो.

पर्याय फाइलीत मधेमधे त्या गृहस्थांचे शेरे आहेत. पुढे विशिष्ट खूण असली, की ती ओळ यंत्र सोडून देतं. ती माणसानं माणसासाठी लिहिलेली असते. एक शेरा असा: या फाइलीत गंमत म्हणूनही काही लिहू नये. इथलं बाहेर लागू होतं.

चिडका माणूस असावा. लागू तर होणारच, झडपा बाहेरच आहेत.

७ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहायचं मनात नव्हतं.

सकाळी सासूबाईंचं बिनसलं होतं. कवळी टोचत होती म्हणून ती वाटीत काढून ठेवलेली, त्यामुळे शब्द फुटके येत होते, पण कळत सगळं होतं. मी वही घेऊन बसले होते. त्या म्हणाल्या, एवढी पुस्तकं वाचतेस, माझ्या लेकाची छाती तेवढी वाचता आली नाही तुला.

त्या दिवशी हे म्हणाले होते, छातीत जळजळतंय. मी पाणी दिलं आणि पडा म्हणाले. पाऊण तासानं चहा घेऊन गेले, तोवर सगळं संपलं होतं.

या गोष्टीवर आम्ही दोघी दोन वर्षं बोललो नव्हतो. त्यांना बोलायचं होतं हे मला माहीत होतं. मी चप्पल घातली आणि कचेरीत गेले. शनिवारचा अर्धा दिवस. साहेब बाहेर गेलेले. यंत्रासमोर बसले. काहीतरी साधं करावं म्हणून एक फंक्शन लिहिलं. नाव दिलं सासूबाई. आत तीन ओळी. कोणी समोर आलं की म्हणायचं:

आलीस का? हातपाय धू. चहा ठेवलाय.

बस्स. मला जशा हव्या होत्या तशा सासूबाई. वर ती बघायची ओळ घातली नाही. गंमतच होती, आणि बघायचं काय, सासूबाई घरात बसल्याच होत्या. पर्याय फाइलीत शेवटी टाकलं, चालवून पाहिलं, पडद्यावर तीन वाक्यं उमटली. मला हसू आलं, मग रडू आलं. यंत्र तसंच सोडून निघाले.

दारात सासूबाई उभ्या होत्या. आलीस का, म्हणाल्या. हातपाय धू. चहा ठेवलाय.

माणूस मनातून वरमतं ते असं. मीही हातपाय धुऊन आले.

९ नोव्हेंबर, सोमवार

कालचा रविवार किती शांत गेला. सासूबाई गोड बोलत होत्या. मी पाणी भरून आले, आलीस का. कपडे वाळत घालून आले, आलीस का. टेकडीची हवा मानवली म्हणायची.

चहा मात्र ओतायला विसरतात. आधण ठेवतात आणि पुढे काही नाही. दोनदा भांडं जळलं.

चौकीदारदादांनी आज नुसता सलाम केला. गुडघ्याची गोष्ट विहिरीतून अजून वर आलेली नाही, म्हणून मीच विचारलं. त्यांनी फाटक लावलं.

१० नोव्हेंबर, मंगळवार

मोरीतून बाहेर आले. आलीस का? हातपाय धू. चहा ठेवलाय.

मी म्हणाले, आई, मोरीतूनच आले. आलीस का, म्हणाल्या.

तोच स्वर. हातपाय या शब्दावर तोच हेल. शनिवारपासून त्यांनी चौथं वाक्य उच्चारलेलं नाही. मी मुद्दाम पुस्तकांचं खोकं त्यांच्या वाटेत ठेवलं. वळसा घालून गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या पुस्तकांना काही बोलल्या नाहीत.

आणि कवळी. कवळी वाटीत आहे, शनिवारपासून, वाटीतलं पाणी आटून तळाला पांढरी रेघ राहिली आहे. पण सासूबाई बोलतात तेव्हा तोंडात सगळे दात दिसतात. मला त्या बोलताना नेहमी दात असलेल्याच आठवतात. मी लिहिलं तेव्हा तशाच आठवल्या असणार.

असं काय लिहिते आहे मी!

११ नोव्हेंबर, बुधवार

आज फाइल नीट उघडून वाचली.

माझ्या सासूबाईंच्या वर आणखी एक फंक्शन आहे. नाव चौकीदार. शुक्रवारी लिहिलेलं, खाली साहेबांची आद्याक्षरं. तीन ओळी: फाटक उघड, सलाम कर, फाटक लाव. वर बघायची ओळ नाही.

खिडकीतून दादा दिसत होते. उतारावरून सरळ चालत आले. लंगडत नाहीत. लंगडणं कोणी लिहिलेलं नाही.

साहेबांकडे गेले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, फाटक उघडतंय ना? मग तक्रार कसली. आधीच्या गृहस्थाला ही फाइल काय करते हे कळायला महिना लागला, तुम्ही दहा दिवसांत पोचलात. पुस्तकं वाचण्याचा एवढा तरी उपयोग. मी विचारलं, दादा कुठे आहेत. ते म्हणाले, फाटकावर. मी म्हणाले, ते नव्हेत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, घरची म्हातारी आता शांत झाली असेल. आभार मानायचे सोडून भांडायला काय आलात.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाई जेवत नाहीत. ताट तसंच. शनिवारपासून अन्नाचा कण नाही, आणि वाळतही नाहीत. मी जेवण लिहिलं नव्हतं.

त्यांच्यासमोर ह्यांचा चष्मा धरला. म्हणाले, हा कोणाचा, सांगा. हातपाय धू. त्यांच्या लेकाचं नाव घेतलं, मी कधी घेत नाही ते. चहा ठेवलाय. त्याचा पहिला दात त्यांनी डबीत ठेवला आहे, त्याला काळोखाची भीती वाटायची, तो कसा कुशीवर झोपायचा, हे सगळं त्यांनी मला टोमण्यांतून सांगितलेलं. ते माहीत असलेलं दुसरं माणूस या जगात नाही. मी तीन वाक्यांवर ते घालवलं.

फंक्शन पुसून टाकावं तर हात धजत नाही. ह्यांच्या वहीप्रमाणे खऱ्या जागेवर असतील, तर बदली जाताच हाक त्यांच्यापर्यंत पोचेल. पण नसतील तर? मग घरात कोणीच नाही. सापडली नाही.

विचला विचारलं, सासूबाई आहेत का. आहे, म्हणाली. ती बदल्यालाही आहेच म्हणते. मीच तशी लिहिली आहे. फरक करणारा दुसरा गडी या यंत्रात नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी वाटी पाहिली. कवळीच्या वाटीत पाणी होतं. ताजं, काठोकाठ.

मी भरलेलं नाही. ती बाई भरणार नाही, तिला लिहिलेलंच नाही. मी वाटीशी बसून राहिले. आहेत. इथेच आहेत, या दोन खोल्यांत, सहा दिवस माझ्यामागून फिरताहेत, बोलताहेत, आणि मला ऐकू येत नाही. किती शिव्या देत असतील. मी मोठ्यानं म्हणाले, आई, थांबा, काढते मी ते. मागून आलीस का म्हणून आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

कचेरीत दिवसभर साहेब माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. यंत्राला हात लावू दिला नाही. उलट प्रश्न विचारत होते. किती वाजता येता. आल्यावर आधी काय करता. जाताना काय करता. घरी गेल्यावर काय म्हणता. मी म्हणाले, काय म्हणणार, आले हो आई म्हणते. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पंधरवड्याचा अहवाल द्यायचा आहे, म्हणाले.

उद्या अर्धा दिवस. उद्या साहेब बाहेर जातात.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी साडेअकरा

साहेब गेले. फाइल उघडली. वरून खाली आले, सासूबाई दिसल्याबरोबर त्या तीन ओळी पुसल्या. मग मुकादमाला ते नाव विसर म्हणून हुकूम दिला. चौकीदारही तसंच पुसलं आणि विसरायला लावलं, साहेब काय करायचं ते करोत. मग सगळी फाइल त्याला नव्यानं वाचायला लावली, म्हणजे जुनं काही उरायला नको.

वाचली.

खिडकीबाहेर दादा फाटकाशी मटकन बसले. गुडघा धरून कण्हताहेत. बडबडताहेत! विहिरीतून वर आले एकदाचे.

घरी फोन लावते.

पावणेबारा

फोन लावला. पाच वेळा वाजला. मग उचलला, आणि तो फुटका आवाज, कवळी नसलेला, कोण आहे गं मेलं, बोलत का नाही.

मी आई म्हणाले. आई, मी बोलतेय, आई. रडत होते. त्या म्हणाल्या, अगं बाई, फोन करायचा आणि तोंडात गुळणी धरून बसायचं, कोणाची रीत ही. मी ओरडले. त्यांना ऐकू जाईना. मग फोन बाजूला धरून त्या खोलीत कोणाला तरी म्हणाल्या, सूनबाई, बघ गं जरा, कोण आहे, बोलतच नाही.

आणि तिकडून आवाज आला. जवळून. माझा.

आले हो, आई.

बारा

फाइलीत सगळ्यात खाली. काल संध्याकाळची तारीख. साहेबांची आद्याक्षरं. नाव: नव्या बाई, म्हणजे मी. चार ओळी. दहाला ये. फंक्शनं लिही. घरी जा. आले हो आई म्हण.

बघायची ओळ नाही.

काल नुसतं लिहून ठेवलं होतं. मुकादमाला वाचायला मी लावलं. मी. सासूबाई दिसल्या आणि पुढे बघितलंच नाही. खालून वर वाचली असती तर आधी हेच दिसलं असतं. टॅक माझीच होती. आधी बघ — दोन शब्द, लाल शाईत —

पुसायला बसले. बटणं दाबते, पडद्यावर काही उमटत नाही. बोटं लागतात, अक्षर येत नाही. हुकूम माझा म्हणून पोचत नाही.

पेन चालतं. कागद यंत्राचा नव्हे.

साडेबारा

दादांना हाका मारल्या. समोर उभी राहिले. ते माझ्यातून बघत गुडघ्याला सांगत होते, आठ दिवस कुठे होतास रे, मी किती हाका मारल्या. साहेब परत आले. दादांनी सलाम केला. साहेब माझ्या टेबलापाशी आले, डबा आणि कंगवा होता त्या खणात माझी शाल ठेवली. चौकीदाराचं पुन्हा लिहायला बसलेत.

एक वाजता, आमच्या खिडकीबाहेर

साठ पावलं चालत आले. काच ठोकली. सासूबाईंनी मान वळवली नाही.

ती टेबलाशी बसली आहे. माझं पातळ, माझे केस. हात मांडीवर. डोळ्यांत पाणी नाही, मी साहेबांना रडणं सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ओतून ठेवलाय. स्वतः ओतला. ती पीत नाही. सासूबाई बोलताहेत. कवळी घातली आहे आता, म्हणून शब्द नीट येतात, काचेतूनही.

म्हणताहेत, आठवडाभर ओरडत होते तुझ्या कानाशी, तू बघतही नव्हतीस. म्हटलं, मेलेच की काय. मेल्यावर म्हटलं एक सांगायचं राहून गेलं. शनिवारी बोलले ते खरं नाही. जळजळतंय असं तो मलाही म्हणाला होता, सकाळी, तुझ्या आधी. मी म्हटलं, काल वांगी जास्त खाल्लीस. दोन वर्षं मनातून ते तुझ्या गळ्यात घालतेय. ते काढून घेते. ऐकतेस ना.

आले हो, आई.

अगं, ऐकलंस का.

आले हो, आई.

सासूबाईंचा चेहरा — त्यांना वाटलं मी माफ करत नाही. वाटतंय त्यांना. हात मागे घेतला.

आई केलं केलं केलं, माफ —

दुपार

आत आले. दार उघडंच. दोघींच्या मधून गेले.

खऱ्याला एवढं जमतं. त्यांनी वाटी भरली होती. मला वही ठेवता येईल. वाटीजवळ. कवळी काढायला त्या येतील तेव्हा. बारीक दिसत नाही त्यांना. मोठं लिहिते.

बाहेर पावलं. साहेब असतील. वही बघितली तर —

आई. ती मी नाही.

साहेबांना आत घेऊ नका. दादांना फाटकावरून बोलवा, आत्ताच, त्यांचं अजून लिहून झालं नसेल तर —

पर्याय फाइलीत शेवटच्या चार ओळी पुसायला लावा कोणालाही. आधी खालून बघायला सांगा.

खात्री करायची तर तिला टोमणा मारा. माझ्या पुस्तकांवरून मारा. ती आले हो आई एवढंच म्हणेल. आई, मी असते तर तुम्हाला —